छत्तीस विरुद्ध छत्तीस : प्रांतांचे सिनेटर नेमके कोणाचे?

अर्जेंटिनाच्या राज्यघटनेत सिनेट आहे ते प्रांतांसाठी. कलम ४४ मध्ये संसदेची व्याख्याच तशी केली आहे : एक सभागृह राष्ट्राच्या प्रतिनिधींचं, दुसरं प्रांतांच्या आणि ब्युनोस आयर्स शहराच्या सिनेटरांचं. १७ जुलै २००८च्या पहाटे या दुसऱ्या सभागृहात सोयाबीनच्या निर्यात शुल्कावर मतदान झालं आणि ७२ सिनेटरांची मतं बरोबर मधोमध फाटली. ३६ बाजूने, ३६ विरुद्ध. शेवटचा शब्द ज्यांचा ठरला ते हुलिओ कोबोस कुठल्याच प्रांताचे सिनेटर नव्हते. ते देशाचे उपाध्यक्ष होते, आणि त्यांनी मत दिलं ते स्वतःच्याच सरकारविरुद्ध.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी कोबोस यांच्या धाडसाची किंवा गद्दारीची म्हणून सांगितली जाते. मला त्यात फारसा रस नाही. कोंडी फोडणाऱ्यापेक्षा कोंडी झाली कशी, हे जास्त शिकवणारं आहे. सरकारकडे सिनेटमध्ये कागदावर आरामात बहुमत होतं. ते वितळलं कुठे, आणि जिथे वितळलं तिथेच का?

शुल्काचं भांडण

२००१-०२च्या आर्थिक कोसळणीनंतर अर्जेंटिनाने शेतमालावर पुन्हा निर्यात शुल्क बसवलं. सोयाबीनवरचा दर २००७च्या सुरुवातीला २७.५ टक्के होता, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ३५ टक्के झाला. महिन्याभराने क्रिस्टिना फर्नांडेझ दे किर्चनर अध्यक्षपदावर आल्या. जगात धान्याचे भाव चढत होते. ११ मार्च २००८ रोजी अर्थमंत्री मार्तिन लुस्तो यांनी 'ठराव १२५' काढला. त्यानुसार शुल्क ठरावीक राहणार नव्हतं, आंतरराष्ट्रीय भावाबरोबर वरखाली होणार होतं. त्या वेळच्या भावाने सोयाबीनवरचं शुल्क ४४ टक्क्यांच्या आसपास जात होतं. भाव आणखी वाढला तर वरच्या वाढीचा बहुतेक हिस्सा सरकारच घेणार होतं.

हा मंत्र्याच्या सहीचा ठराव होता, कायदा नव्हता. सीमाशुल्क संहितेने सरकारला दर ठरवण्याचा अधिकार दिला आहे, असा आधार दाखवला गेला.

एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या चार शेतकरी संघटना यामुळे एका टेबलावर आल्या. एका बाजूला बड्या जमीनदारांची सोसिएदाद रुराल, दुसऱ्या बाजूला छोट्या शेतकऱ्यांची फेदेरासिओन आग्रारिया, शिवाय ग्रामीण संघटनांचा महासंघ सीआरए आणि सहकारी क्षेत्राची कोनिनाग्रो. धान्य आणि जनावरं बाजारात आणणं बंद झालं, महामार्गांवर रास्ता रोको सुरू झाला. २५ मार्चला क्रिस्टिना यांनी या आंदोलनाची 'सुबत्तेचे रास्ता रोको' अशी संभावना केली, आणि त्याच रात्री राजधानीतले मध्यमवर्गीय भांडी बडवत रस्त्यावर उतरले. २४ एप्रिलला लुस्तो यांनी राजीनामा दिला. २५ मे या राष्ट्रीय दिनी रोसारियोत शेतकऱ्यांची विराट सभा झाली; अध्यक्षांचा सरकारी सोहळा त्याच वेळी दूर साल्तात चालू होता.

कांद्याच्या निर्यातीवर शुल्क लागल्यावर नाशिक जिल्ह्यात काय होतं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. फरक एवढाच की इथे माल कांद्यासारखा घरचा नव्हता. २००७-०८च्या हंगामातलं सुमारे ४.६ कोटी टन सोयाबीन बहुतांश तेल, पेंड किंवा दाण्याच्या रूपात देशाबाहेर जाणारं होतं, आणि सरकारच्या तिजोरीचा एक मोठा खांब त्यावर उभा होता.

जूनमध्ये सरकारने दोन पावलं उचलली. आधी सांगितलं की वाढीव शुल्काच्या पैशातून रुग्णालयं, घरं आणि ग्रामीण रस्ते बांधले जातील. मग १७ जूनला क्रिस्टिना यांनी ठराव संसदेकडे मंजुरीसाठी पाठवत असल्याचं जाहीर केलं. रस्त्यावरचं भांडण सभागृहात नेलं की ते जिंकता येईल, हा हिशेब उघड होता. खालच्या सभागृहात तो जमला, पण थोडक्यात : ५ जुलैला १२९ विरुद्ध १२२. आता सिनेट.

हे सभागृह आहे कसं

इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडचा वाचक राज्यसभा डोळ्यांसमोर ठेवून वाचतो आणि तिथेच फसतो.

अर्जेंटिनात २३ प्रांत आणि ब्युनोस आयर्स हे स्वायत्त शहर मिळून २४ घटक आहेत, आणि प्रत्येकाला तीन सिनेटर. लोकसंख्या कितीही असो. २०१०च्या जनगणनेत ब्युनोस आयर्स प्रांताची लोकसंख्या दीड कोटीच्या वर होती, तिएर्रा देल फुएगोची सुमारे १ लाख २७ हजार. दोघांचे सिनेटर तीन-तीनच. आपल्या राज्यसभेत उत्तर प्रदेशाला ३१, महाराष्ट्राला १९ आणि सिक्कीमला १ जागा आहे. म्हणजे आपण वरच्या सभागृहातही लोकसंख्येला बऱ्यापैकी मान दिला, त्यांनी दिला नाही.

दुसरी गोष्ट निवडणुकीची. पूर्वी प्रत्येक प्रांताचे दोनच सिनेटर असत, त्यांना प्रांतिक विधिमंडळ निवडून देई आणि त्यांची मुदत नऊ वर्षांची असे. विधिमंडळ गव्हर्नरच्या मुठीत असेल तर सिनेटरही गव्हर्नरचाच. १९९४च्या घटनादुरुस्तीने हे बदललं. तिसरी जागा आली, मुदत सहा वर्षांवर आली आणि निवड थेट मतदारांकडे गेली. नव्या पद्धतीने पहिली निवडणूक २००१ मध्ये झाली. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश, म्हणजे आठ घटकांतले सगळे सिनेटर बदलतात. सर्वाधिक मतं मिळवणाऱ्या पक्षाला त्या प्रांतात दोन जागा, दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षाला एक.

ही तिसरी जागा मला सगळ्यात रंजक वाटते. ती हरणाऱ्याची जागा आहे. २००५ मध्ये ब्युनोस आयर्स प्रांतात क्रिस्टिना यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या हिल्दा 'चिचे' दुआल्दे हरल्या, आणि तरीही सिनेटमध्ये आल्या. माजी अध्यक्ष कार्लोस मेनेम त्याच वर्षी आपल्याच ला रिओखा प्रांतात हरले, आणि तेही आले. पराभूत झालेल्या वजनदार माणसांना सहा वर्षांचं आसन देणारी ही व्यवस्था आहे. तिच्यामुळे सत्ताधाऱ्यांच्या हुकमी प्रांतातूनही एक विरोधी मत सभागृहात पोचतं. २००८च्या मतदानात दुआल्दे आणि मेनेम दोघेही सरकारविरुद्ध गेले. मेनेम तर आजारपणातून उठून मतदानाला आले होते.

तिसरी गोष्ट, आणि भारतीय वाचकासाठी बहुधा सर्वांत महत्त्वाची : तिथे पक्षांतरबंदीचा कायदा नाही. आपल्याकडे राज्यसभेतल्या खासदाराने व्हीप झुगारून मत दिलं तर दहाव्या अनुसूचीखाली खासदारकी जाते. अर्जेंटिनात गटनेता विनवू शकतो, धमकावू शकतो, पुढच्या यादीतून नाव कापू शकतो. पण आसन काढून घेऊ शकत नाही. त्यामुळे तिथे एखाद्या सिनेटरच्या मतावरून काही निष्कर्ष काढता येतो. आपल्याकडे बहुतेक वेळा फक्त पक्षाचं मत कळतं.

उपाध्यक्षांची जागा मात्र आपल्यासारखीच. कलम ५७ नुसार उपाध्यक्ष सिनेटचे अध्यक्षस्थान भूषवतात आणि मतं समसमान झाली तरच स्वतः मत देतात.

ती रात्र

सिनेटमधली चर्चा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, १५ जुलैला, ब्युनोस आयर्समध्ये एकाच वेळी दोन सभा भरल्या. संसदेसमोरच्या चौकात सरकारची, पालेर्मोत शेतकऱ्यांची. दोन्हीकडे प्रचंड गर्दी होती, पण शेतकऱ्यांची जास्त होती हे सरकारी गोटातल्यांनाही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सुरू झालेली चर्चा अठराएक तास चालली.

सत्ताधारी गटाचे नेते मिगेल आंखेल पिचेतो, रिओ नेग्रो प्रांताचे सिनेटर, हाताच्या बोटांवर मतं मोजत होते. गळती कुठे आहे हे त्यांना माहीत होतं. सांता फेचे कार्लोस रॉयटेमान विरोधात जाणार हे आधीच जाहीर होतं. हे तेच रॉयटेमान, १९८१ मध्ये फॉर्म्युला वनचं विजेतेपद थोडक्यात हुकलेले. पुढे राजकारणात येऊन दोनदा सांता फेचे गव्हर्नर झाले. सांता फेच्या तिन्ही जागा विरोधात गेल्या : रॉयटेमान, त्यांच्याच गटातल्या रोक्साना लातोर्रे आणि तिसऱ्या जागेवरचे समाजवादी रुबेन जिउस्तिनियानी. कोर्दोबात रोबेर्तो उर्किआ, सत्ताधारी गटाचेच, विरोधात गेले. उर्किआ यांच्या कुटुंबाचा खेनेराल देएसात तेलबियांचा मोठा उद्योग आहे, म्हणून त्यांच्या मताकडे संशयानेही पाहिलं गेलं. मला वाटतं त्या प्रांतातून निवडून आलेल्या कुणालाही त्या महिन्यात दुसरं मत देणं अवघड होतं, उद्योग असो वा नसो.

इतकं सगळं धरूनही सरकार एका मताने तरलं असतं. ते मत गेलं सांतियागो देल एस्तेरोचे एमिलिओ राचेद यांचं. राचेद रॅडिकल पक्षातल्या, म्हणजे मुळात विरोधी पक्षातल्या, सरकारधार्जिण्या गटातले. त्यांच्या प्रांताचे गव्हर्नर खेरार्दो सामोरा हेही त्याच गटातले आणि केंद्राचे पक्के मित्र. राचेद कित्येक दिवस गप्प होते. चर्चेच्या शेवटाकडे ते बोलायला उभे राहिले आणि सरकारविरुद्ध मत देणार असल्याचं त्यांनी सांगितलं. तिथे ३६-३६ झालं.

कोबोस हेही रॅडिकल. मेंदोसाचे माजी गव्हर्नर, क्रिस्टिना यांच्यासोबत निवडणूक लढवली म्हणून स्वतःच्या पक्षातून काढून टाकलेले. ही पाळी आपल्यावर येऊ नये म्हणून त्यांनी कामकाज काही काळ थांबवून तोडगा काढावा असं सुचवलं. पिचेतो यांनी नकार दिला आणि बायबलमधलं वचन ऐकवलं : जे करायचं ते लवकर करून टाकू. ते वचन येशूने त्याला दगा देणाऱ्या यहूदा या शिष्याला उद्देशून काढलेल्या उद्गारांचं आहे, हे सभागृहात कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. पहाटे चारनंतर कोबोस बोलले : इतिहासाने माझा न्याय करावा, चुकत असेन तर क्षमा मागतो, माझं मत बाजूने नाही, माझं मत विरोधात आहे.

विधेयक पडलं. गंमत अशी की त्याने 'ठराव १२५' आपोआप रद्द झाला नव्हता. संसदेने मंजुरी नाकारली होती, मंत्र्याचा ठराव जागेवरच होता. दुसऱ्या दिवशी, १८ जुलैला, क्रिस्टिना यांनी अध्यक्षीय आदेश काढून तो मागे घेतला आणि सोयाबीन पुन्हा ३५ टक्क्यांवर आलं. काही दिवसांत मंत्रिमंडळप्रमुख आल्बेर्तो फर्नांडेझ यांनी राजीनामा दिला.

मतदार, गव्हर्नर, पक्ष

आता मूळ प्रश्नाकडे. पहिलं स्पष्टीकरण सोपं आहे : सोयाबीनचे प्रांत विरोधात, बाकीचे बाजूने. ते अर्धंच खरं आहे.

सांता फे आणि कोर्दोबाच्या बाबतीत ते चपखल बसतं, आणि त्याला निवडणुकीच्या वेळापत्रकाचीही जोड आहे. २००९ मध्ये ज्या आठ प्रांतांच्या जागा भरायच्या होत्या त्यात सांता फे आणि कोर्दोबा दोन्ही होते. म्हणजे तिथल्या सिनेटरांची मुदत संपायला दीड वर्षही उरलं नव्हतं. शिवाय तिथले गव्हर्नरही केंद्राविरुद्ध होते, सांता फेत समाजवादी एर्मेस बिन्नेर, कोर्दोबात क्रिस्टिना यांच्याच पेरोनवादी परंपरेतले हुआन स्किआरेती. मतदार आणि गव्हर्नर एकाच दिशेला खेचत असतील तर पक्षाची दोरी तुटते. रॉयटेमान यांनी २००९च्या सुरुवातीला सत्ताधारी गट उघडपणे सोडला आणि त्या वर्षी जिउस्तिनियानी यांच्यावर थोड्या फरकाने मात करून पुन्हा निवडून आले. जिउस्तिनियानीही आलेच, तिसऱ्या जागेवर. एका अर्थाने सांता फेच्या मतदाराने नाही म्हणणाऱ्या दोघांमध्येच निवड केली.

पण एन्त्रे रिओस बघा. आंदोलनाचा सर्वांत प्रसिद्ध चेहरा, आल्फ्रेदो दे आंजेली, इथलाच. ग्वालेग्वायचूजवळचा रास्ता रोको रोज टीव्हीवर दिसत होता. तरी सत्ताधारी पक्षाचे दोन्ही सिनेटर, पेद्रो ग्वास्ताविनो आणि ब्लांका ओसुना, सरकारबरोबर राहिले. दोन कारणं दिसतात. गव्हर्नर सेर्खिओ उर्रिबार्री केंद्राच्या बाजूचे होते. आणि एन्त्रे रिओसच्या जागा २००७ मध्येच भरल्या होत्या. पुढची निवडणूक २०१३ मध्ये. मतदाराचा राग पाच वर्षं टिकतो का, हा जुगार त्यांनी खेळला. ग्वास्ताविनो यांच्यापुरता तो यशस्वी झाला, २०१३ मध्ये ते पुन्हा सिनेटवर आले. पण त्याच निवडणुकीत, त्याच प्रांतातून, विरोधी यादीवरून दे आंजेलीही सिनेटर झाले. रस्ता अडवणारा आणि त्याच्याविरुद्ध मत देणारा, दोघे सहा वर्षं एकाच प्रांताच्या नावाने एकाच सभागृहात बसले.

ब्युनोस आयर्स प्रांत सोयाबीन पिकवणाऱ्यांत अग्रगण्य, पण त्याचे बहुसंख्य मतदार राजधानीभोवतीच्या दाट वस्तीच्या पट्ट्यात राहतात. त्यांना निर्यात शुल्काने स्वयंपाकघरातला भाव आटोक्यात राहतो हा युक्तिवाद पटण्याजोगा होता. तिथून दुआल्दे यांचं एकच मत विरोधात गेलं. म्हणजे 'प्रांताचं हित' म्हणून जे काही म्हणतात ते प्रांताच्या आतही एक नसतं.

मग राचेद? त्यांच्याबाबत वरची तिन्ही स्पष्टीकरणं थिटी पडतात. त्यांची जागाही २००७ ची, निवडणूक दूर. गव्हर्नर केंद्राचा मित्र. सांतियागो देल एस्तेरो हा गरीब उत्तरेतला, केंद्राकडून येणाऱ्या पैशावर चालणारा प्रांत. हिशेबाने राचेद सरकारचे असायला हवे होते. तिथे सोयाबीन नुकतंच जंगल तोडत उत्तरेकडे सरकत होतं, पण एवढ्याने कोणी गव्हर्नरशी वैर घेत नाही. मला दिसतं ते असं : जुन्या पद्धतीत राचेद यांना ही उडी मारताच आली नसती. प्रांतिक विधिमंडळाने, म्हणजे सामोरांच्या बहुमताने, निवडलेला सिनेटर म्हणून ते आले असते, आणि जाताना त्याच दारातून गेले असते. थेट निवडणुकीने सिनेटरला शूर केलं नाही. तिने त्याचा गव्हर्नरशी असलेला एक धागा सैल केला, एवढंच. ७२ पैकी बहुतेकांनी तो सैल धागा वापरला नाही. एकाने वापरला, आणि एवढ्या अटीतटीत एक पुरला.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. ज्यांनी सरकारला मत दिलं ते सगळे लाचार होते असं मानणं ही शहरी वर्तमानपत्रांची जुनी सवय. ज्या प्रांतात सोयाबीन नाही, जिथे शाळेचे पगार केंद्राकडून येणाऱ्या हप्त्यावर होतात, तिथला सिनेटर केंद्राची तिजोरी भरावी म्हणून मत देत असेल तर तो आपल्या प्रांताचंच काम करतो आहे. लाचारी आणि प्रतिनिधित्व इथे बाहेरून एकसारखंच दिसतं.

पैसा कोणाचा

या सगळ्यात एक प्रश्न अठरा तास हवेत राहिला आणि मतदानात आला नाही. निर्यात शुल्कातला वाटा प्रांतांना मिळतो का?

मिळत नव्हता. अर्जेंटिनात बरेचसे कर केंद्र गोळा करतं आणि १९८८च्या करवाटप कायद्याने प्रांतांत वाटतं. सीमाशुल्क मात्र घटनेनेच केंद्राचं आहे, त्यामुळे आयात-निर्यातीवरचं शुल्क वाटपाच्या बाहेर. प्राप्तिकरातून आलेल्या पेसोत सांता फेचा हिस्सा असतो, सोयाबीनच्या शुल्कातून आलेल्या पेसोत नसतो. वर एक छुपा तोटा : शुल्क कापल्यावर शेतकऱ्याचं उत्पन्न घटतं, उत्पन्न घटलं की प्राप्तिकर घटतो, आणि प्राप्तिकरात प्रांताचा वाटा आहे. जूनमध्ये जाहीर झालेली रुग्णालयं आणि रस्तेही केंद्र ठरवणार होतं. प्रांतांच्या सभागृहात वाद झाला तो शेतकऱ्याकडून किती घ्यायचं याचा. घेतलेल्यातलं प्रांताला किती, हा त्या सभागृहाचा खरा विषय; त्याला सिनेटने हातच लावला नाही. ती ३६-३६ची कोंडी मला प्रांतांच्या विजयासारखी वाटत नाही ती यामुळे.

वाटा मिळाला, पण आठ महिन्यांनी आणि सिनेटकडून नव्हे. मार्च २००९ मध्ये, मध्यावधीच्या निवडणुका तोंडावर असताना, क्रिस्टिना यांनी अध्यक्षीय आदेशाने 'फोंदो फेदेराल सोलिदारिओ' हा निधी उभारला. सोयाबीनच्या शुल्कातला ३० टक्के भाग प्रांतांना, आणि त्यातला किमान ३० टक्के पुढे नगरपालिकांना. खर्च बांधकामांवरच करायचा, पगारावर नाही. गव्हर्नरांचा आणि नगराध्यक्षांचा शुल्काकडे बघण्याचा दृष्टिकोन त्यानंतर मवाळ झाला, यात नवल नाही. पण आदेशाने दिलेलं आदेशाने जातं. ऑगस्ट २०१८ मध्ये अध्यक्ष माउरिसिओ माक्री यांनी खर्चकपातीत हा निधी मोडीत काढला. कायदा असता तर त्यासाठी सिनेटची दारं ठोठवावी लागली असती.

१९९४च्या घटनादुरुस्तीने सिनेटला याच कामासाठी एक खास अधिकार दिला आहे. एरवी करविषयक विधेयक आधी खालच्या सभागृहात मांडावं लागतं. करवाटपाचा कायदा मात्र सिनेटमध्येच सुरू व्हायचा, आणि तो १९९६ संपायच्या आत करायचा, असं घटनेच्या संक्रमणकालीन तरतुदीत लिहिलं आहे. तो अजून झालेला नाही. कारण घटनेनेच लावलेली दुसरी अट : कायद्याला प्रत्येक प्रांताची संमती हवी. नव्या सूत्रात एकाला जास्त द्यायचं तर दुसऱ्याचं कमी करावं लागतं, आणि ज्याचं कमी होणार तो सही करणार नाही. म्हणून १९८८चा 'तात्पुरता' कायदा आजही चालू आहे.

नंतर

शुल्काच्या आकड्यांनी शेतकऱ्यांवर एक सूड उगवला. फिरता दर भावाबरोबर वर जाणार होता, तसाच खालीही येणार होता. साधारण ४०० डॉलरच्या खाली टनाचा भाव गेला की तो ३५ टक्क्यांपेक्षा कमी भरला असता. २००८च्या उत्तरार्धात जागतिक मंदी आली, सोयाबीन त्या पातळीच्या खाली घसरलं, आणि ज्यांनी फिरता दर हाणून पाडला ते पक्क्या ३५ टक्क्यांवर अडकले. याचा अर्थ आंदोलन चुकीचं होतं असा मी काढत नाही. शेतकऱ्यांचा आक्षेप दराइतकाच, मंत्र्याच्या एका सहीने हे सगळं ठरतं याला होता. तो मुद्दा पुढे न्यायालयात टिकला : एप्रिल २०१४ मध्ये 'कामारोनेरा पातागोनिका' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्यात शुल्क हा करच आहे आणि तो कायद्यानेच बसवता येतो, असं म्हटलं. प्रकरण २००२च्या एका मंत्रालयीन ठरावाचं होतं.

कोबोस राजीनामा न देता २०११ पर्यंत उपाध्यक्ष राहिले. स्वतःच्या सरकारचा विरोधक त्याच सरकारात तीन वर्षं बसलेला, हे दृश्य लोकांना सवयीचं झालं. २०१५ मध्ये ते मेंदोसातून सिनेटवर निवडून आले आणि तेव्हा कुठे त्यांना प्रांताच्या नावाने मत देता आलं.

१२ जून २०२४ रोजी फलकावर पुन्हा ३६-३६ आलं. या वेळी अध्यक्ष खाविएर मिलेई यांचं 'लेय बासेस' हे भलंमोठं सुधारणा विधेयक होतं आणि उपाध्यक्ष व्हिक्टोरिया व्हियार्रुएल यांनी सरकारच्या बाजूने मत दिलं. विरोधातल्या ३६ जणांत राजधानीचे सिनेटर मार्तिन लुस्तो होते. 'ठराव १२५' वर सही करणारे तेच. त्याच रात्री सिनेटने सोबतच्या करविषयक विधेयकातली प्राप्तिकर पुन्हा वाढवण्याची तरतूद फेटाळली. प्राप्तिकरात प्रांतांचा वाटा असतो, त्यामुळे अनेक गव्हर्नरांना ती तरतूद हवी होती. त्यांच्या प्रांतांतल्या सिनेटरांपैकी पुरेसे लोक त्यांच्याबरोबर गेले नाहीत, कारण वाढीव कर भरणारा पगारदार मतदारही त्याच प्रांतात राहतो. दोन आठवड्यांनी खालच्या सभागृहाने आपलाच मसुदा कायम ठेवून ती तरतूद परत आणली, आणि गव्हर्नरांना त्यांचा पैसा मिळाला.